जो-हॅनची क्रायस्लर टर्बाइन, 1/25: जुनं मॉडेल खोलून पुन्हा उभं करताना

क्रायस्लर टर्बाइन या गाडीच्या माझ्या प्लास्टिक मॉडेलच्या (1/25, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्शाएवढ्या) बॉडीवर ब्राँझ रंगाचा शेवटचा हात बसला आहे आणि ती आता डब्याखाली सुकते आहे. तोवर इंजिन, क्रोम आणि डॅशबोर्ड बरेच पुढे सरकलेत. जुनं, ग्लूने बरबटलेलं मॉडेल न मोडता कसं खोलायचं हे बऱ्याच जणांनी विचारलं होतं, म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहितोय.

आधी गाडीबद्दल, कारण या किटवर मी एवढा जीव का टाकतोय ते त्याशिवाय कळणार नाही. क्रायस्लरने 1963-64 मध्ये टर्बाइनवर चालणाऱ्या 55 गाड्या बनवल्या. त्यातल्या पाच प्रोटोटाइप आणि पन्नास सामान्य माणसांना वापरायला देण्यासाठी. बॉडी इटलीत तुरिनला घिया कंपनीत हाताने घडवल्या जायच्या, मग त्या डेट्रॉइटला आणून त्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स बसवायचे. डिझाइन एलवूड एंगलचं. हा माणूस फोर्डमधून आलेला, त्यामुळे गाडीच्या रेषांत त्या काळच्या फोर्ड थंडरबर्डची झाक स्पष्ट दिसते. अमेरिकेतल्या 203 जणांना ही गाडी जास्तीत जास्त तीन महिने वापरायला मिळाली. डिझेल, केरोसीन, जे जळेल ते चालायचं. मेक्सिकोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आदोल्फो लोपेस मातेओस यांच्यासमोर ती टकिलावरही चालवून दाखवली गेली. अडचण होती ती शिसं घातलेल्या पेट्रोलची, आणि त्या काळी पंपावर सर्रास तेच मिळायचं. प्रयोग 1966 च्या जानेवारीत संपला. त्यानंतर कंपनीने 46 गाड्या मोडीत काढल्या. नऊ उरल्या.

जो-हॅन ही कंपनीही डेट्रॉइटचीच. गाड्यांच्या डीलरांसाठी प्रमोशनल मॉडेल बनवता बनवता ती किटकडे वळली. टर्बाइनचं किट आलं तेव्हा खऱ्या गाड्या रस्त्यावर होत्या. म्हणजे ज्या गाडीचे बहुतेक नग पुढे चेचले गेले, तिची मापं ती जिवंत असतानाच या साच्यांत उतरली. म्हणून माझा निर्णय पहिल्यापासून पक्का आहे: हे मॉडेल कारखान्यातून निघालं तसंच होणार. एएमटी या दुसऱ्या कंपनीच्या थ्री-इन-वन किटमधून (एकाच किटमधून गाडी तीन प्रकारे करता येते) कस्टम गाड्या करणाऱ्यांचं काम मला मनापासून आवडतं, मीही केल्यात. पण 1957 च्या शेव्हीचं (शेव्हरोले) छप्पर कापलं तर जगात शेव्ही कमी पडत नाहीत. या गाडीचं तसं नाही.

क्रायस्लरचं नाव आपल्याकडेही नवं नव्हतं. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात. मुंबईतल्या जुन्या लोकांना त्या गाड्या नावानिशी आठवतात. मला मात्र टर्बाइन भेटली ती इथे मिशिगनला आल्यावर, एका स्वॅप मीटमध्ये (जुन्या वस्तूंच्या बाजारात), खोक्याशिवाय, जोडलेल्या अवस्थेत.

खोलणं

आधीच्या मालकाने ट्यूबमधला ग्लू सढळ हाताने वापरला होता आणि वरून ब्रशने लाल इनॅमल फासलं होतं. असं मॉडेल हातात आलं की चाकू घालायची घाई करू नका. ट्यूबचा ग्लू प्लास्टिक विरघळवतो. जिथे दोन्ही पृष्ठभाग नीट दाबून धरले होते तिथे ते एकजीव होतात आणि तो सांधा कापूनच सुटतो. पण बहुतेक जुन्या मॉडेलांत ग्लू नुसता काठावर ओघळलेला असतो. असा सांधा थंडीत ठिसूळ होतो. झिपवाल्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं, बाहेर काढल्या काढल्या हलक्या हाताने पिळायचं. बंपर, सीट आणि एक्झॉस्ट असेच सुटे झाले. चॅसिस आणि आतला टब (सीट बसतात तो तळाचा भाग) मात्र एकजीव झाला होता. तिथे फोटो-एचची (रसायनाने पत्र्यातून कोरलेली) पातळ करवत चालवली. करवतीची रुंदी म्हणजे गेलेलं प्लास्टिक. तेवढ्या जाडीची स्टायरीनची (मॉडेलच्याच प्लास्टिकची) पट्टी नंतर आत परत घालावी लागते, नाहीतर बॉडी खाली बसते.

रंग उतरवायला आधी 91 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. स्प्रेचा रंग त्यात सुटतो, पण इतकं जुनं इनॅमल दाद देत नाही. त्यासाठी सोडियम हायड्रॉक्साइड असलेलं ग्रीस काढायचं क्लीनर वापरलं: झाकणाचा डबा, जाड रबरी हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. भारतातले बरेच जण ब्रेक ऑइल वापरतात. ते काम करतं, पण साठ वर्षांच्या प्लास्टिकवर मी ते घालणार नाही. जुनं स्टायरीन आधीच कडक झालेलं असतं आणि खिडक्यांचे बारीक खांब तडकले तर ते परत जमवणं फार कठीण.

काचांना यातलं काहीही लावायचं नाही. त्या साबणाच्या पाण्यात धुतल्या, मग 2000 ग्रिटपासून पुढच्या बारीक पॉलिश पेपरांनी ओल्या घासल्या आणि शेवटी कंपाउंडने चमकवल्या. पुढच्या काचेवर ग्लूचा एक ठसा होता, तो पूर्ण गेला.

बॉडी

दोन्ही बाजूंचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) वेगळा भरत होता. मागचा ॲक्सल तिरका चिकटवलेला. खऱ्या गाडीचा व्हीलबेस 110 इंच, म्हणजे 1/25 मध्ये 111.8 मिलिमीटर. एमडीएफच्या तुकड्यावर तेवढ्या अंतरावर दोन खाचा पाडून जिग (भाग नेमके धरून ठेवायचा साचा) केला आणि ॲक्सल त्यात धरून नव्याने बसवला. लांबीही ताडून पाहिली. खरी गाडी 201.6 इंच, मॉडेल व्हायला हवं 204.8 मिलिमीटर. कॅलिपर बंपरपासून बंपरपर्यंत लावला आणि आकडा अगदी जवळचा निघाला. जो-हॅनच्या साचेकारांबद्दल माझा आदर इथे दुणावला.

साच्याच्या जोडरेषा फेंडरच्या माथ्यावरून थेट मागपर्यंत धावतात. या गाडीत ती धारच डिझाइनचा प्राण आहे, त्यामुळे रेषा घालवताना धार गोल होता कामा नये. कानस न वापरता ब्लेडच्या पाठीने खरवडलं, मग 600 आणि 1000 चा पेपर सपाट लाकडाला चिकटवून फक्त एकाच दिशेने. खड्डे होते तिथे पुटी भरली. पुटी एका दमात जाड भरू नका. पातळ थर, पूर्ण सुकणं, मग पुढचा थर. जाड थर आतून महिनाभर आकसत राहतो आणि नेमका चकचकीत रंगाखाली उठून दिसतो.

रंग

लोकांना दिलेल्या पन्नासही गाड्यांना एकच रंग होता: टर्बाइन ब्राँझ, आणि टपावर काळं व्हिनाइल. हा ब्राँझ पकडणं हेच या मॉडेलमधलं सगळ्यात अवघड काम. जुन्या रंगीत फोटोंत तो कुठे तांब्यासारखा दिसतो, कुठे जवळजवळ चॉकलेटी. छापील फोटो कालांतराने लालसर होतात, म्हणून मी त्यांच्यावर भिस्त ठेवली नाही. हल्लीच्या, दिवसाच्या उजेडातल्या फोटोंवरून रंग ठरवला आणि मूळ मिश्रणात थोडा फिकट सोनेरी मिसळला. लहान आकारावर तोच रंग गडद दिसतो, त्यामुळे थोडं उजळ केल्याशिवाय गाडी गाडीसारखी वाटत नाही.

खाली राखाडी प्रायमर नाही, विटकरी ऑक्साइड. ब्राँझला आतून ऊब मिळते. मेटॅलिकमधली चकाकी शक्य तितकी बारीक हवी; खऱ्या गाडीच्या रंगातले कण 1/25 वर खडीसारखे दिसतात. आणि बॉनेट वेगळं रंगवू नका. मागून टेपचा तुकडा लावून ते त्याच्या जागी ठेवा आणि बॉडीबरोबरच रंगवा. मेटॅलिकचे कण ज्या दिशेने बसतात त्यावर छटा ठरते, वेगळं रंगवलेलं बॉनेट जन्मभर वेगळंच दिसतं.

कोकणात, मुंबईत किंवा पुण्यात पावसाळ्यात लॅकर मारणाऱ्यांसाठी: थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग पांढरट पडतो. अशा दिवसांत सावकाश उडणारा थिनर घ्या किंवा सरळ थांबा. इथे हिवाळ्यात हवा कोरडी असते, तो त्रास नाही. पण गॅरेज बर्फासारखं असतं, म्हणून स्प्रेचे डबे कोमट पाण्यात ठेवून बेसमेंटमधल्या बूथमध्ये मारले.

पुढच्या दिव्यांची पाती

आता माझ्या आवडीचा भाग. दोन्ही हेडलाइटभोवती टर्बाइनच्या पात्यांसारखं कडं आहे, मागच्या रिव्हर्स दिव्यांनाही तीच नक्षी, व्हील कॅपवरही तीच. गाडीत काय आहे ते एंगलने गाडीच्या तोंडावर कोरून ठेवलं. मॉडेलवर एक कडं माझ्या करंगळीच्या नखाएवढंही नाही, आणि तरी त्यातलं प्रत्येक पातं सुटं दिसतं.

एका कड्यावरचं क्रोम ग्लूने खाल्लं होतं. ते बाटलीच्या झाकणात घरगुती ब्लीच घेऊन त्यात बुडवलं. क्रोम म्हणजे निर्वातात चढवलेला ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, तो बघता बघता करडा होऊन विरतो. खाली पिवळसर वार्निश राहतं. नवखे ते तसंच ठेवतात आणि मग नवं क्रोम बुजलेलं दिसतं. क्लीनरमध्ये भिजवून, लाकडी दातकोरण्याने पात्यांच्या फटीफटीतून ते काढलं. नंतर चकचकीत काळा, तो पूर्ण कडक होईपर्यंत धीर, आणि त्यावर एअरब्रशने क्रोम रंगाचे विरळ हात. शेवटी फटींत पातळ काळा वॉश (खूप पातळ केलेला रंग) सोडला आणि वरच्या कडांवरून ओलसर कापसाच्या काडीने पुसून घेतला. एवढं झाल्यावर पाती वेगवेगळी उभी राहतात. दुसऱ्या कड्याचं मूळ क्रोम उत्तम आहे, त्याला फक्त वॉश दिला. जो-हॅनचं क्रोम त्या काळातही वाखाणलं जायचं. जे टिकलंय ते काढू नये असं माझं ठाम मत आहे.

चारपैकी एक व्हील कॅप गायब होती. सगळ्यात चांगल्या कॅपवरचं क्रोम उतरवलं, म्हणजे नक्षी धारदार मिळते. मग दोन भागांच्या सिलिकॉन पुटीत दाबून साचा घेतला. रेझिन ओतण्याआधी साच्यात टाल्कम पावडर भुरभुरवून झटकून टाकायची, मग पात्यांच्या टोकांत बुडबुडे अडकत नाहीत. कास्टिंग इतकं स्वच्छ आलं की मूळची कोणती हे मागची बाजू पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

इंजिन

व्ही-8 ला आठ वायरी ओढायची सवय झालेल्या हाताला इथे वेगळंच काम आहे. रेडिएटर नाही, पंखा नाही, स्पार्क प्लग एकच. दोन्ही अंगांना गोल फिरणारे रिजनरेटर. बाहेर पडणाऱ्या गरम वायूतली उष्णता ते काढून घेतात आणि आत येणाऱ्या हवेला देतात. ताकद 130 अश्वशक्ती, टॉर्क मात्र 425 पाउंड-फूट, आणि फिरण्याचा वेग मिनिटाला 44,000 च्या वर.

हे समजून घेण्याचा रंगकामाशी थेट संबंध आहे. टर्बाइन म्हटलं की लोक एक्झॉस्टवर जळका निळा-जांभळा रंग मारतात. मी बरीच बांधलेली मॉडेलं तशी पाहिलीत. पण रिजनरेटर उष्णता आतच ठेवतात, म्हणून त्या गाडीत खालून जाणारे रुंद, चपटे एक्झॉस्ट ॲल्युमिनियमचे असू शकले. त्यांना साधा, किंचित मळका ॲल्युमिनियम रंग दिला. मुख्य घराला थोडा गडद, रिजनरेटरच्या झाकणांना उजळ. तीन-चार छटांचा फरक पुरतो. एकमेव स्पार्क प्लगची वायर मात्र बारीक तांब्याच्या तारेने ओढली आहे आणि ती बॉनेट उघडल्यावर दिसते.

डॅशबोर्डवर वेग, इंजिनाचे फेरे आणि टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वायूचं तापमान असे काटे आहेत. उठावाच्या आकड्यांवरून पांढरी पेन्सिल टेकवत फिरवली, मग प्रत्येक गोलात चकचकीत क्लिअरचा (पारदर्शक वार्निशचा) एक थेंब सोडला. काच बसवल्यासारखं दिसतं. सीटांची चामडी बॉडीपेक्षा किंचित मंद ब्राँझ, आणि पुढून मागपर्यंत जाणाऱ्या नळकांड्यासारख्या कन्सोलला फॉइल (चिकटवायचा पातळ धातूचा पत्रा).

पुढचं काम टपाचं. बॉडी कडक झाली की मास्किंग करून सेमी-मॅट काळा जरा लांबून, कमी दाबाने मारणार आहे. रंग अर्धवट सुकूनच टेकला की व्हिनाइलसारखा बारीक रवाळपणा येतो. त्यानंतर खिडक्यांच्या कडांना फॉइल, दर कापाला नवं ब्लेड. कोणाकडे या किटची मूळ सूचनापत्रिका असेल तर रिजनरेटरच्या झाकणांचं पान फोटो काढून पाठवा. माझ्या मॉडेलमध्ये ती उलटसुलट चिकटवलेली होती, आणि इंजिन कायमचं बसवण्याआधी डावं-उजवं नक्की करून घ्यायचं आहे.