मी मध्येच का वळते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी हसून विषय बदलते. "ताई, रविवारी ग्रुपबरोबर पळायला निघता, मग अर्ध्यातूनच का वळता?" नवी मुलं हे कुतूहलानं विचारतात, जुने खवचटपणे. आणि मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी "त्यांचं आपलं वेगळंच असतं" असं उत्तर देऊनही टाकतं.

वेगळं काही नाही. गेल्या तीस दिवसांत मी एका दमात जे सगळ्यात लांब पळाले असेन, त्याच्यावर फार तर दहा टक्के. त्यापुढे त्या दिवशी जायचं नाही. रविवारचं अंतर ठरतं ते ग्रुपमधल्या सगळ्यात तयार माणसाच्या हिशेबानं. सव्वीस किलोमीटर ठरले की सगळ्यांचेच सव्वीस. त्यात एखाद्याचं महिन्यातलं सगळ्यात मोठं पळणं चौदाचं आहे, हे कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. गप्पांच्या नादात पाय चालत राहतात. दुखणं उगवतं मंगळवार-बुधवारी, आणि तोवर खापर बुटांवर फुटलेलं असतं.

'आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका' हे तर सगळ्यांनाच पाठ आहे. 2008 मध्ये नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर तो नियम तपासला होता. हळूहळू वाढवणारे आणि जरा भरभर वाढवणारे, दोन्ही गटांत साधारण पाचातला एक जण दुखापतीनं अडलाच. मग 2025 मध्ये सुमारे 5,200 धावपटूंच्या नोंदींवरचा अभ्यास आला. त्यात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकाच दिवशी मारलेली उडी नडताना दिसली: गेल्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब पळण्याहून दहा टक्क्यांपलीकडे गेलं की धोका वाढतो. मी हे त्याआधीपासून अंदाजानं पाळत होते. आता दाखवायला कागद आहे, पण कागद पाहून आजवर कुणी वळलेलं मला दिसलं नाही.

कारण छाती फसवते. दम काही आठवड्यांत सुधारतो, हाडं आणि टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे पट्टे, मात्र महिने घेतात. ताण पडलेलं हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं, त्यामुळे मधले काही आठवडे ते आधीपेक्षा कमजोरच असतं. नेमकं त्याच आठवड्यांत आपल्याला वाटतं, आज काय मस्त पळालो.

आता त्या रविवारबद्दल, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरं तर तेच विचारायचं असतं.

माझी पळण्यातली जोडीदारीण पहिल्या मॅरेथॉनची तयारी करत होती. आमचा वेग एक. विषय संपले तरी अवघडायचं नाही, इतकी सवय. त्या दिवशी तीस ठरले होते. तिनं नुकतेच अठ्ठावीस केले होते, म्हणजे तिची उडी मोठी नव्हती. माझं महिन्यातलं मोठं पळणं सोळाचं. साडेआठ किलोमीटरला वळणार, म्हणजे जाऊन-येऊन सतरा, असं मी आदल्या रात्रीच कळवलं होतं.

ती जागा आली तेव्हा पुढचे सगळे दिसेनासे झाले होते. वेग नेहमीसारखाच वाढत गेला होता. तो कुणी ठरवून वाढवत नाही. दोघं जरा पुढे सरकतात, बाकीचे त्यांना गाठायला जातात, आणि पूर्ण वाक्य बोलता येणं बंद झालं तरी कुणी कबूल करत नाही. ती म्हणाली, "आज चल ना गं. एवढं एकटीनं नको वाटतंय." मी घड्याळाकडे पाहिलं. हे तिनं नंतर बरोबर लक्षात ठेवलं. मी म्हटलं, "अगं, मला मंगळवारी पळायचंय." आणि वळले.

उरलेले साडेएकवीस ती एकटी पळाली. मी परत येऊन तासाभराहून जास्त थांबले. पुढचे आले, फोटो झाले, काही जण घरीही गेले. ती आली ती व्यवस्थित, लंगडत वगैरे नाही. माझ्यासमोर उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काय, पाय वाचले ना?" लोक हसले. मीही हसले, आणि ते हसणं अजून मला खटकतं.

तिची मॅरेथॉन छान झाली. शेवटचा टप्पा एकटीनं काढायची सवय होती म्हणून जमलं, असं तिनं सांगितलं; मला नाही, दुसऱ्या कुणाला.

मी काय करायला हवं होतं? सोळावरून तीस म्हणजे जवळजवळ दुप्पट. शेवटपर्यंत सोबत देईन असा शब्द मी दिला नव्हता. हे मी स्वतःला इतक्यांदा ऐकवलंय की त्यावरूनच काय ते ओळखा. तिच्यासोबत दोन किलोमीटर पुढे गेले असते तर हाडं मोडली नसती, हेही कळतं. अकरावा टक्का लागला की नडगीला तडा जातो असं कुठल्याच अभ्यासात नाही. धोका वाढतो, एवढंच.

पण 'आजच्या दिवस' म्हणणारी बाई मी जवळून ओळखते. पूर्वीची मीच ती. ग्रुप जिथवर जाईल तिथवर जायची, नडगी दुखली की बर्फ लावायची, आणि वर्षातले निम्मे महिने घरी बसून इतरांचे फोटो बघायची. ती मला भित्री म्हणते. मी तिला विचारते, सलग पळालीस किती? ती म्हणते, पळाले तेव्हा सगळ्यांबरोबर पळाले. तुझ्या सलग वर्षांत शेजारी कोण होतं ते सांग. इथे मी सहसा बुटाची नाडी बांधायला वाकते. तिचं बरोबर आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आधी झालेली दुखापत पुन्हा दुखापत होण्याची शक्यता वाढवते, आणि ते देणं तिनं माझ्या नावावर करून ठेवलंय. फेडायचं मला आहे, तिला नाही.

येत्या रविवारी बत्तीस ठरलेत म्हणे. मी अकराला वळणार. आणखी कुणी त्याच्या आसपास वळणार असेल तर आदल्या रात्री नको, आत्ताच सांगा. म्हणजे पुढे एकटं कोण पडतंय ते तरी निघायच्या आधी कळेल.