आल्टनग्राबो: छपरांवरून सैन्य मोजताना

मागच्या टप्प्यात आल्टनग्राबोच्या जुन्या हेर-उपग्रहांच्या फ्रेम, म्हणजे फिल्मवरचे फोटो, शोधून उतरवून घेणं एवढंच झालं होतं. आता काम मोजणीपर्यंत आलंय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आल्टनग्राबो हे माग्डेबुर्गच्या पूर्वेचं लष्करी सराव मैदान, शीतयुद्धात सोव्हिएत सैन्याच्या ताब्यातलं. १९६० च्या दशकात पूर्व जर्मनीत सोव्हिएतांच्या २० डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) होत्या. अशा एका छावणीत किती बळ होतं, हे निव्वळ वरून बघून कितपत सांगता येतं, हा माझा प्रश्न आहे.

साहित्य म्हणजे कोरोना या अमेरिकन हेर-उपग्रहांची फिल्म. १९६० ते १९७२ या काळातल्या या फ्रेम १९९५ मध्ये खुल्या झाल्या, लँयार्ड आणि अर्गॉन हे सोबतचे उपग्रह-कार्यक्रम धरून आठ लाखांहून जास्त. मी वापरतोय तो कॅमेरा केएच-४बी, कोरोनाचाच एक प्रकार. १५० किलोमीटरवरून त्याचं प्रमाण साधारण १:२,४७,५०० पडतं, म्हणजे फिल्मवरचे ७ मायक्रॉन (स्कॅनमधला एक पिक्सेल) जमिनीवर जवळपास १.७ मीटर. टी-५५ रणगाड्याची रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास. रुंदीला दोन पिक्सेल, लांबीला फार तर चार. एवढ्यावर टी-५५ की टी-५४ हे कोणीच सांगू शकणार नाही. ‘ओळीने उभी असलेली रणगाड्याएवढी वाहनं’ इतकंच म्हणता येतं, आणि माझ्या नोंदीत मी तेवढंच लिहितो.

जिओरेफरन्सिंगला, म्हणजे फोटो नकाशावर अचूक बसवायला, सगळ्यात जास्त वेळ गेला, पण तो सार्थकी लागला. हा कॅमेरा आडवा फिरत फिल्म उघडी करतो, त्यामुळे पट्टीच्या मध्यावर प्रमाण वेगळं आणि टोकांना वेगळं. अख्खी फ्रेम एकदम बसवायला गेलं की कडेच्या इमारती हलतात. मी छावणीपुरता तुकडा कापला आणि फक्त त्याच तुकड्यात कंट्रोल पॉइंट (फोटोत आणि नकाशावर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा) घेतले: रस्त्यांचे चौक, रुळांचे फाटे, जुन्या बराकींचे कोपरे. मैदान आजही जर्मन लष्कराच्या वापरात असल्यामुळे कितीतरी जुन्या खुणा ताज्या उपग्रहचित्रातही सापडतात. हे सुख प्रत्येक सोव्हिएत छावणीत मिळत नाही.

आता मुख्य भाग. उघड्यावर उभ्या गाड्या मोजायच्या नाहीत, असं मी ठरवलंय. त्या कधी सरावाला गेलेल्या असतात, कधी दुसऱ्याच रेजिमेंटच्या असतात. शेड मात्र जागा सोडत नाही. शेडची लांबी मोजायची, एका रणगाड्याला दारासकट साडेचार-पाच मीटर धरायचे आणि क्षमता काढायची. साठ मीटरच्या शेडमध्ये एका रांगेत बारा-तेरा रणगाडे मावतात. शेजारी सोव्हिएत रचना ठेवायची: टँक रेजिमेंटच्या बटालियनमध्ये ३१ रणगाडे, तीन बटालियन आणि रेजिमेंट कमांडरचा एक धरून ९४. एका आवारातल्या शेडची बेरीज या आकड्याजवळ जाऊ लागली की पुढे बघण्यात अर्थ आहे. फार कमी पडली तर ते आवार दारूगोळ्याचं, दुरुस्तीचं किंवा मालगाड्यांचं असण्याची शक्यता जास्त.

रणगाड्याची शेड आणि साधं गोदाम यांत फरक करायला उंची लागते, ती सावलीवरून निघते. सहा मीटर उंचीच्या शेडची सावली या अक्षांशावर जूनच्या दुपारी जेमतेम सव्वातीन मीटर, डिसेंबरच्या दुपारी तेवीस मीटर. हिवाळ्यातली फ्रेम उंचीसाठी सोन्यासारखी, पण त्याच सावल्या दोन शेडमधलं अंगण झाकून टाकतात. म्हणून दोन्ही ऋतूंतल्या फ्रेम जोडीने ठेवाव्यात, हे माझं ठाम मत झालंय.

एवढं करूनही हाती येते ती क्षमता. माणसं छपराखाली दिसत नाहीत. १९५० च्या दशकात आणि १९६० च्या सुरुवातीला सोव्हिएतांच्या १७५ डिव्हिजनचा आकडा सगळीकडे फिरत होता. अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांच्या काळात पेंटागॉनने, म्हणजे त्यांच्या संरक्षण खात्याने, तो नव्याने तपासायला घेतला, तेव्हा यातल्या कित्येक डिव्हिजन जेमतेम मूठभर अधिकारी आणि साठवलेली सामग्री एवढ्याच असल्याचं दिसू लागलं. क्युबातल्या क्षेपणास्त्र पेचप्रसंगात उलटं घडलं. ऑक्टोबर १९६२ मध्ये अमेरिकन विमानांनी कमी उंचीवरून घेतलेल्या फोटोंत टी-५४ रणगाडे दिसले, रेमेदिओस गावाजवळ लूना या सोव्हिएत रॉकेटचा लाँचर दिसला, काही छावण्यांसमोर युनिटची बोधचिन्हंही जमिनीवर मांडलेली होती. तरी अमेरिकेचा माणसांचा अंदाज दहा हजारांच्या आसपास होता, प्रत्यक्षात चाळीस हजारांहून जास्त सोव्हिएत सैनिक तिथे होते. सामग्री नीट ओळखली गेली, माणसं निसटली. माझ्या तक्त्यात ‘सैनिक’ हा रकाना रिकामा आहे तो याचमुळे.

त्या जागी मी चाकोऱ्यांचा, म्हणजे रणगाड्यांनी जमिनीवर उमटवलेल्या खुणांचा, रकाना घातलाय, आणि सध्या मला सगळ्यात जास्त रस त्यात आहे. आल्टनग्राबोची जमीन रेताड. रणगाडा एकदा वळला की वरचा हिरवा थर फाटतो आणि खालची फिकट रेती वर येते. फिल्मवर हे पांढुरके पट्टे शेडपेक्षाही ठळक दिसतात. मैदानाकडे जाणाऱ्या वाटा, गोळीबाराच्या पट्ट्यांच्या सुरुवातीला झालेला चिखल, चालकांना शिकवायची वळणावळणाची वाट. वापर थांबला तर गवत दोन-तीन उन्हाळ्यांत हे पट्टे खाऊन टाकतं. म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या फ्रेम रांगेत लावल्या की कुठल्या आवारातले रणगाडे खरोखर बाहेर पडत होते आणि कुठले नुसते उभे होते, याचा माग लागतो. जिथे शेड मोठ्या पण दाराशी गवत अखंड, तिथे मी ‘साठवण’ असं पेन्सिलने लिहून ठेवतोय. एकाच ऋतूतल्या फ्रेमच एकमेकींशी ताडायच्या, नाहीतर सुकलेलं गवतही रेतीसारखंच दिसतं.

तिरक्या फोटोंची उणीव जाणवते. ब्रिटिश लष्करी मिशन, ब्रिक्समिस, बर्लिनच्या गाटोव विमानतळाहून चिपमंक या छोट्या विमानात बसून हातातल्या कॅमेऱ्याने सोव्हिएत छावण्यांचे फोटो काढत असे. तिथे दारं, रणगाड्याचा बुरूज, तोफेची नळी असं सगळं बाजूने दिसतं. पण ती उड्डाणं बर्लिनभोवतीच्या २० मैलांच्या वर्तुळातली, आल्टनग्राबो त्याच्या बाहेर.

पुढचं काम स्टिरिओचं, म्हणजे एकाच जागेचे दोन कोनांतले फोटो जुळवून उंची काढण्याचं. केएच-४बीचे दोन कॅमेरे, एक १५ अंश पुढे रोखलेला, दुसरा १५ अंश मागे. पुढच्याची फ्रेम बसवून झालीय, मागच्याची घ्यायचीय. दोन्ही जुळल्या की शेडची उंची सावलीविनाही काढता येईल आणि माझे हिवाळ्यातले आकडे पडताळता येतील. सोबत केएच-७ या दुसऱ्या अमेरिकन हेर-उपग्रहाची, म्हणजे १९६३ ते १९६७ मधली, या भागाची ढगविरहित पट्टी शोधतोय. तिचं रिझोल्यूशन मीटरभराच्या आसपास असल्यामुळे शेडची दारं एकेक करून मोजता यावीत.