रांग, बाळ आणि आईचा पॉइंट

चवथीच्या आधीचा शुक्रवार, संध्याकाळची वेळ आणि गोव्यात म्हापशाहून साखळीला जाणारी खासगी बस. पुढचं तुम्हाला सांगायला नको. कुणाच्या पायाशी चिबूड, कुणाच्या हातातला सुपारीचा घड मागच्याच्या नाकाला घासतोय, अर्ध्या माटोळीचं (गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगतात ती) सामान ड्रायव्हरच्या बाजूला बॉनेटवर रचलेलं, आणि कंडक्टरचं आपलं चालूच, ‘फुडें वच, फुडें वच, फुडें जागो आसा’. जागो कुठे आसा ते त्यालाच ठाऊक. मी एका हाताने वरची दांडी पकडून आणि दुसऱ्या हातात पोर घेऊन उभी, आई मागे कुठेतरी दोन पिशव्यांसकट अडकलेली. खिडकीजवळच्या एका बाईने, ना ओळख ना पाळख, मान वर करून बघितलं, दोन्ही हात पुढे केले, म्हणाली ‘दी गो हांगा’, आणि बाळ घेतलंसुद्धा. म्हणजे मी हो म्हणायच्या आत.

माझा हात तसाच बाळाच्या दंडाला. सोडवेना. त्या बाईला ते दिसलं असणार, पण तिने मनावर घेतलं नाही, बाळाला मांडीवर नीट बसवून खिडकीबाहेरची म्हैस दाखवायला लागली. अस्नोडा येईपर्यंत मी तिच्या हातांकडेच बघत होते, की मघाशी मासळी चिवडून आली असेल का वगैरे. (पोर्तुगालात राहून बदललीस, असं लगेच म्हणू नका. पहिलं मूल असलं की साखळीत राहूनसुद्धा माणूस असंच करतं.) डिचोलीला ती उतरली तेव्हा तिने बाळ माझ्याकडे दिलं नाही, मी अजून उभीच होते ना, शेजारच्या बाईकडे दिलं, आणि त्या शेजारच्या बाईने पण बस पुढच्या स्टॉपला थांबावी इतक्या सहज ते घेतलं.

साखळीला उतरल्या उतरल्या आई म्हणाली, ‘बघितलंस? ह्याला कायदा लागत नाही गो.’

हे वाक्य तिने लिस्बनपासून राखून ठेवलेलं. त्यामागची गोष्ट अशी की बाळंतपणाला आई आमच्याकडे ओदिवेलासला, म्हणजे लिस्बनला लागूनच, आली होती, आणि तेव्हा मी तिला तिथल्या रांगेचं इतकं कौतुक ऐकवलं की शेवटी ती वैतागली. पण खरंच सांगते, मला अजून त्याचं कौतुक आहे. पोर्तुगालमध्ये 2016 सालचा एक कायदा आहे, गरोदर बाई, दिव्यांग माणूस, वयाने थकलेला म्हातारा माणूस आणि कडेवर दोन वर्षांपर्यंतचं मूल असलेला कुणीही, ह्यांचं काम आधी करायचं. सरकारी ऑफिसात तर आहेच, पण सुपरमार्केट, बँक, फोनचं दुकान, जिथे म्हणून माणूस समोर उभा राहून काम करून घेतो तिथे सगळीकडे. हॉस्पिटलसारख्या ठिकाणी जिथे दुखण्यावरून नंबर ठरतो तिथलं वेगळं. दुकानाने पाळलं नाही तर 1000 युरोपर्यंत दंड, आणि नाकारलं तर तुम्ही चक्क पोलीस बोलवू शकता. नंबर काढायच्या मशीनवर त्यासाठी वेगळं बटण असतं. शिवाय दुकानात तक्रारवही ठेवायचीच, मागितली की द्यायचीच, हा पण कायदा. मी अजून एकदाही मागितलेली नाही, पण ती काउंटरखाली आहे एवढं माहीत असलं तरी पोर्तुगीज अडखळत बोलणाऱ्या माणसाचा आवाज जरा मोठा होतो.

पहिल्यांदा घडलं तेव्हा मला कळलंच नव्हतं. दूध आणि अंडी घेऊन रांगेत शेवटी उभी होते, बाळ छातीशी बांधलेलं, आणि कॅशवरच्या मुलीने लांबून हात केला. मला वाटलं काहीतरी चुकलं, माझी पिशवी तपासणार. परदेशात आपल्या रंगाच्या माणसाला लांबून हात केला की आधी हेच वाटतं, आणि अलीकडे तिकडची हवा जशी बदलतेय तशी हे जास्तच वाटतं. तर तिने मला सगळ्यांच्या पुढे घेतलं. माझ्या पुढे टाय लावलेला एक माणूस होता, तो बाजूला झाला, हसला नाही, रागावला नाही, फोनमधून डोकं वर पण काढलं नाही. मी आपली ओब्रिगादा, ओब्रिगादा करत सुटले तर ती मुलगी म्हणाली, आभार कशाला, तुमचा हक्क आहे. घरी येईपर्यंत मी फुगलेले होते. चेडवांनो, गोव्यात कुणी शेवटचं कधी म्हटलं होतं तुम्हाला काउंटरवरून, की तुमचा हक्क आहे?

आईला मात्र त्या टायवाल्याचंच खटकलं. ‘हसला सुद्धा नाही?’ नाही हसला, नसेल हसायचं त्याला, मला त्याचं हसू नकोच होतं, मला दूध हवं होतं. पण आईचं म्हणणं असं की जिथे दंड आहे म्हणून जागा देतात तिथे दंड काढला की काय करतील. मी म्हटलं, आणि जिथे मन आहे म्हणून देतात तिथे त्या दिवशी मन नसलं तर? त्यावर ती भाजी निवडायला बसली.

तिकडे माणसं कोरडी आहेत असंही नाही हां, हे इकडच्या लोकांना फार आवडतं ऐकायला म्हणून मुद्दाम लिहितेय. खालच्या मजल्यावरच्या आजी बाळ आल्याचं कळल्यावर पातेलंभर कांजा घेऊन आल्या, म्हणजे तांदूळ घालून केलेलं कोंबडीचं सूप, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात. आईने वास घेतला, म्हणाली ही तर पेजच, कोंबडी घातलेली, आणि खाल्ली नाही कारण सोमवार होता. सोमवार म्हणजे काय ते मला त्या आजींना पोर्तुगीजमध्ये समजावता येईना, त्यांना वाटलं आवडली नाही, मंगळवारी परत आल्या मासे घेऊन. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं पण बाळाला टोपी घातली नाही ह्यावर दोघी मला एकाच वेळी ओरडल्या, दोन भाषांत. बसस्टॉपवर तर अनोळखी म्हाताऱ्या थांबवून बाळाचे मोजे कुठे विचारतात. तेव्हा माया बिया सगळीकडे आहे, ती फक्त बार्देश-डिचोलीत पिकत नाही.

आता बस प्रकरणानंतर आई जिंकली होती, मी कबूल केलं नसलं तरी. पण सोमवारी आम्हाला एका ऑफिसात काम होतं. कुठलं ते लिहीत नाही. बाबांच्या जन्माच्या जुन्या नोंदीची नक्कल हवी होती, पोर्तुगीज पासपोर्टसाठी ती लागते हे गोव्यातल्या घरोघरी माहीत आहे, आणि त्यावरून मला देशभक्ती शिकवायला येऊ नका, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

तर बाहेर बाकावर माणसं, उभी माणसं, नंबर बिंबर काही नाही, कोण कुणाच्या मागे ते ज्याने त्याने लक्षात ठेवायचं. माझ्या पुढे एक मुलगी होती, विशीतली असेल, कन्नड बोलत होती नवऱ्याशी, बांधकामावरची असावी, पायात स्लिपर, पदरात पोर माझ्यापेक्षा लहान. आमच्या आधीपासून आलेली. मी पोहोचून जरा टेकते तोवर आतून एक गृहस्थ बाहेर आले, मला निरखून म्हणाले, ‘मास्तराली धूव न्हय गो तूं?’ बाबांनी त्यांना चौथीत शिकवलं होतं म्हणे. बाळाला केवढा वेळ बाहेर ठेवणार, उकाडा केवढा, ये आत, खुर्ची आली, पंखा माझ्याकडे वळला, पाणी आलं.

मी म्हटलं, ती माझ्या आधीची आहे, तिच्याकडे पण बाळ आहे. ते म्हणाले, ‘तिला वेळ लागेल, तिचे पेपर बरोबर नसतात.’ ‘नसतात’ म्हणाले, अजून बघितले पण नव्हते. मी परत म्हटलं तेव्हा बरं बरं करून त्यांनी तिला दाराच्या आत घेतलं, पण खुर्ची काही तिला आली नाही, आणि माझं झाल्यावरच तिचं घेतलं. त्या पोर्तुगीज कायद्यात ह्याची पण सोय आहे, दोन्हीकडे मूल असेल तर जी आधी आली तिचं आधी. वडील कोण, गाव कुठलं, काही नाही. ओदिवेलासला त्या कॅशवरच्या मुलीच्या लेखी मी नेमकी ह्या कन्नड मुलीसारखी आहे, बाहेरून आलेली, भाषा न येणारी, आणि तरी तिने हात केला. माझ्या बाबांनी तिला चौथीत शिकवलेलं नव्हतं.

बाहेर आल्यावर आईला हे सगळं बोलून दाखवलं, बरंच मोठ्याने, रस्त्यात. ती ऐकून घेते आधी सगळं, ही तिची पद्धत. मग म्हणाली, बसमधल्या त्या बाईने तुला विचारलं होतं का तू कुणाची? नव्हतं विचारलं. हे मला मान्य करायला लागलं. पण बसमधली बाई काउंटरवर बसलेली नसते ना, ती काउंटरवर बसली की ती पण विचारते, हे माझं म्हणणं, आणि ते मी सोडणार नाही. आई म्हणते तू त्या बाईला ओळखत नाहीस तर तिच्याबद्दल असं का बोलतेस. तेही बरोबरच.

आणि खरं म्हणजे नक्कल त्याच दिवशी दुपारच्या आत हातात पडली. रांगेने गेले असते तर परत या, साहेब चवथीच्या सुट्टीवर आहेत, असं काहीतरी ऐकून आमचं परतीचं विमान गाठेपर्यंत ती मिळाली नसती हे मला पक्कं माहीत आहे. आई हे सगळ्यांना फोन करून सांगतेय, मावशीला सांगून झालं, आता आत्याचा नंबर लावलाय.