वॉरंटीत इंजिन गेलं आणि ऑइल बदलल्याचं बिल सापडत नाही

इंजिनचा वॉरंटी क्लेम नाकारल्याच्या पत्रात अनेकदा एकच ओळ असते: ठरलेल्या मुदतीत सर्व्हिस झाल्याची नोंद आढळली नाही. ऑइल बदललंच नव्हतं, असा आरोप त्यात नसतो. बदलल्याचा पुरावा नाही, एवढंच कंपनी म्हणते. गाडीमालक मात्र "अहो, बदललंय की, चौकातल्या गॅरेजवाल्याला विचारा" म्हणत राहतो. ते शंभर टक्के खरं असलं तरी क्लेम मंजूर करणारा माणूस चौकात येत नाही. त्याच्यासमोर चेसिस नंबर, तारखा आणि किलोमीटर असतात.

पुण्यात ही अडचण एका ठरावीक प्रकारे येते. बहुतेक पेट्रोल गाड्यांची सर्व्हिसची अट १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते, अशी असते. आठवड्यातून दोन दिवस हिंजवडी किंवा खराडीला जायचं, बाकी कामं दुचाकीवर. वर्षाचं रनिंग जेमतेम ४,००० किलोमीटर. अजून सहा हजार बाकी आहेत, अशा समजुतीत बारावा महिना निघून जातो. 'जे आधी होईल ते' हे चार शब्दच क्लेमच्या आड येतात. काही कंपन्या मुदतीच्या मागेपुढे थोडे दिवस आणि थोडे किलोमीटर चालवून घेतात. ती सवलत नेमकी किती, ते तुमच्या वॉरंटी पुस्तिकेतच पाहा, वर्कशॉपच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरच्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

महिन्यांची अट उगीच घातलेली नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करून कोथरूडहून डेक्कनपर्यंत पाच-सहा किलोमीटर जायचं आणि बंद करायचं, यात ऑइल पुरेसं तापतच नाही. ज्वलनातून आलेली पाण्याची वाफ आणि थोडं कच्चं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ते उडून जायला वेळ मिळत नाही. आम्ल तयार होतं, त्याला मारणारी रसायनं संपत जातात आणि ऑइल पातळ पडतं किंवा त्याचा काळा चिकट गाळ होतो. त्यात वाहतूक. सरासरी वेग ताशी १५ धरला तर १०,००० किलोमीटरला इंजिन सुमारे ६६७ तास चालतं. ताशी ६० ने हायवेवर तेच अंतर १६७ तासांत होतं. ओडोमीटर सारखाच, इंजिनाची झीज चौपट वेळाची. म्हणून बऱ्याच पुस्तिकांमध्ये कमी अंतराच्या फेऱ्या, सतत आयडलिंग, धूळ अशा वापरासाठी ऑइलची मुदत वेगळी आणि कमी दिलेली असते. शहरातली बहुतेक गाडी याच वर्गात मोडते, आणि ते पान कोणी उघडत नाही.

डीझेलवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. बीएस-६ डीझेलच्या सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर साफ होताना इंजिन जास्तीचं डीझेल सोडतं. ही सफाई गर्दीत अर्धवट राहिली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा तुटली, की डीझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढली आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर दिसली तर ऑइल वाढलं म्हणून खूश होऊ नका. त्यात बहुधा डीझेल मिसळलंय आणि ते बदलायची वेळ झाली आहे.

आत काय होतं ते थोडक्यात. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, आणि त्याला आधार देणारं बेअरिंग यांच्यातली जागा मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी. तिथे ऑइलचा थर टिकला तरच धातू धातूला लागत नाही. इंजिनखाली ऑइल साठतं त्या चेंबरच्या तळाशी पंपाच्या तोंडाला जाळी असते. गाळाने ती बुजली की चेंबरमध्ये ऑइल भरलेलं असूनही वर पोचत नाही. टर्बो असेल तर त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तो आधी जातो. मग कॅम, टायमिंग चेन, आणि शेवटी कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाढणारी खोल टकटक ऐकू आली म्हणजे बेअरिंग गेलंच. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा प्रेशर अगदी तळाला गेल्यावर पेटतो, तोवर नुकसान सुरू झालेलं असतं. त्याला सर्व्हिसच्या पान्याच्या खुणेसारखं समजून घरापर्यंत गाडी नेणारे लोक आहेत. लाल दिवा लागला की बाजूला घ्या, बंद करा, पुन्हा स्टार्टर मारू नका.

आता कागद.

अनेकांच्या फाइलमध्ये असतं ते एस्टिमेट, गेटपास किंवा जॉबकार्डची पिवळी प्रत. यातलं एकही 'काम झालं' असं सांगत नाही. एस्टिमेट म्हणजे करायचं ठरलेलं काम. पुरावा म्हणून चालतो तो टॅक्स इनव्हॉइस, म्हणजे पक्कं बिल, आणि तेही नीट भरलेलं. त्यावर गाडीचा नंबर, १७ अक्षरी चेसिस नंबर, तारीख आणि ओडोमीटरचा आकडा हवा. त्याखाली ऑइलची ओळ: घट्टपणा ५डब्ल्यू-३० की ०डब्ल्यू-२०, दर्जा एपीआय एसपी की तुमच्या पुस्तिकेत सांगितलेला दुसरा दर्जा, आणि किती लिटर. छोट्या पेट्रोल इंजिनाला साधारण ३ ते ३.५ लिटर लागतं. बिलावर "इंजिन ऑइल – १ नग" असं असेल तर ते ऑइल बदलल्याचं बिल की टॉप-अपचं, हे दोन वर्षांनी कोण ठरवणार? ऑइल फिल्टर पार्ट नंबरसह वेगळ्या ओळीत हवा आणि ड्रेन बोल्टचा वॉशरही. वॉशर अगदी स्वस्त असतो, पण बोल्ट खरंच उघडला होता हे त्या ओळीतून कळतं. फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी फुकट असते, ऑइल-फिल्टरचे पैसे लागतात. त्याचंही बिल घ्याच. "फ्री आहे साहेब, बिल कशाला" असं कोणी म्हटलं तर काउंटरवरून हलू नका.

बिल थर्मल कागदावर असेल तर गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये उन्हाळाभरात ते कोरं पडतं. त्याच दिवशी फोनने स्कॅन करून स्वतःलाच ईमेल करा. ईमेलची तारीख हाही एक पुरावा होतो.

अधिकृत वर्कशॉपमध्ये केलेली सर्व्हिससुद्धा नोंदीतून गळते. ऑपरेटर ३४,२०० च्या जागी ४३,२०० टाइप करतो, मग पुढच्या सर्व्हिसला आकडा मागे गेलेला दिसतो आणि ओडोमीटरवर संशय येतो. एखाद्या वेळी जॉबकार्ड बंदच केलेलं नसतं. म्हणून वर्षातून एकदा सर्व्हिस हिस्ट्रीची छापील प्रत मागा किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर पाहा, आणि चूक दिसली तर तिथल्या तिथे लेखी दुरुस्त करून घ्या. इंजिन जाम झाल्यावर केलेली दुरुस्ती कोणी मानत नाही.

बाहेरच्या गॅरेजमध्ये ऑइल बदललं तर वॉरंटी आपोआप जाते का? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना सांगितलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. हा आदेश पुढे अपिलांत आणि न्यायालयांत गेला, त्यामुळे तो खिशात ठेवून वर्कशॉपमध्ये भांडायला जाऊ नका. एक्स्टेंडेड वॉरंटीचा करार तर वेगळाच असतो आणि त्यात अधिकृत वर्कशॉपची अट बहुधा स्पष्ट लिहिलेली असते. माझं सरळ मत असं की वॉरंटी चालू असेपर्यंत ऑइल अधिकृत ठिकाणीच बदला, बाकी कामांसाठी हवं तर बाहेर जा.

तरीही बाहेर बदलायचं असेल, किंवा आधीच बदलून झालं असेल, तर मागे राहिलेले सगळे धागे गोळा करा. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून ऑइलचा कॅन आणला असेल तर दुकानाचं बिल, कॅनवरच्या बॅच नंबरचा फोटो, त्याच दिवसाचा ओडोमीटरचा फोटो, जुन्या-नव्या फिल्टरचा फोटो, आणि मेकॅनिकला केलेल्या यूपीआय पेमेंटची नोंद. एकेकटं यातलं काही भक्कम नाही, पण तारखा जुळल्या तर वजन येतं. जीएसटी नोंदणी नसलेला छोटा गॅरेजवालाही सही-शिक्क्याचं बिल देऊ शकतो. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. जुन्या तारखेचं बिल मात्र कधीही बनवून घेऊ नका. ईसीयूमधले, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले, किलोमीटर आणि बिलावरचे किलोमीटर जुळले नाहीत की खऱ्या बिलांवरचाही विश्वास उडतो.

इंजिन गेलंच तर पहिल्या दिवशी जे कराल त्यावर पुढचं सगळं ठरतं. गाडी टो करून न्या. जाण्याआधी ऑइलच्या पट्टीचा, ओडोमीटरचा, डॅशबोर्डवरच्या दिव्यांचा आणि खालून चेंबरचा फोटो घ्या. चेंबरला दगड लागून ऑइल गळालं असेल, किंवा सिंहगड रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना पाणी आत जाऊन रॉड वाकला असेल, तर ते प्रकरण वॉरंटीचं नाही, विम्याचं आहे. विम्यासोबत इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर घेतलंय का ते पाहा आणि विमा कंपनीला लगेच कळवा.

वर्कशॉप तुमच्याकडून इंजिन खोलायची संमती मागेल. क्लेम नाकारला तर खोलण्याची मजुरी तुमच्या माथी, असं त्या फॉर्मवर बहुधा असतं. रक्कम किती, ते आधी लिहून घ्या. आणि जॉबकार्डवर स्वतःच्या हाताने लिहा: "इंजिन माझ्या उपस्थितीत उघडावे. प्रत्येक टप्प्याचे फोटो द्यावेत. जुने ऑइल, फिल्टर व काढलेले सर्व भाग माझ्या लेखी परवानगीशिवाय टाकू नयेत." त्याचा फोटो घ्या.

ऑइल काढताना नमुना घ्यायला विसरू नका. कोरड्या स्वच्छ बाटलीत, सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेतलं, सुमारे २०० मिली, दोन बाटल्यांत. दोन्हींवर तारीख, गाडी नंबर, तुमची आणि वर्कशॉपची सही. एक तुमच्याकडे. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत १०० अंश सेल्सिअसला घट्टपणा, आम्ल मारायची उरलेली क्षमता, इंधन आणि पाण्याचं प्रमाण आणि धातूंचे कण तपासून मिळतात. तांबं, शिसं, कथील वाढलेलं असेल तर बेअरिंग झिजलं. सिलिकॉन आणि लोखंड एकत्र वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ आत जात असावी. सोडियम-पोटॅशियम दिसलं तर कूलंट ऑइलमध्ये येतंय का ते पाहावं लागतं.

उघडलेलं इंजिनही बोलतं. टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखाली, डांबरासारखा गाळ, सगळीकडे तपकिरी थर, जाळी बुजलेली, झाडून सगळी बेअरिंग घासलेली असतील तर ऑइल वेळेवर बदललं नव्हतं हे कोणीही सांगेल. पण कव्हरखालचा भाग स्वच्छ, जाळी मोकळी, बाकी बेअरिंग चांगली आणि एकच जळालेलं असेल तर कारण त्या जागीच शोधायला हवं: ऑइलची वाट अडलेली, जोडणीत चूक, भागच सदोष. अशा वेळी एका सर्व्हिसची नोंद नाही म्हणून हात झटकणं मला मान्य नाही. हेड गॅस्केटमधून कूलंट गेलं किंवा इंजेक्टरने पिस्टन जाळला, त्याचाही हरवलेल्या ऑइल बिलाशी संबंध आपोआप लागत नाही.

म्हणून तोंडी नकार स्वीकारू नका. डीलरला ईमेल करा, कंपनीच्या ग्राहक विभागाला प्रत ठेवा, आणि दोन गोष्टी वेगवेगळ्या मागा: वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली नकार दिला, आणि बिघाडाचं तांत्रिक कारण काय आढळलं. पहिल्याचं उत्तर चटकन येतं. दुसऱ्याचं येत नसेल तर तुमची बाजू तिथेच मजबूत होते. उलट सलग दोन सर्व्हिस खरोखरच चुकल्या असतील आणि आत गाळ असेल, तर कायद्याच्या वाटेला जाण्याआधी गुडविलमध्ये, म्हणजे हक्क नसतानाही सौजन्य म्हणून, खर्चाचा काही वाटा उचला, अशी लेखी विनंती करा. पूर्ण इंजिनऐवजी हाफ इंजिन, म्हणजे वरच्या हेडशिवायचा खालचा भाग, बसवून भागतं का तेही विचारा.

नकार ठाम राहिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग. गाडी मुंबईत घेतली असली तरी तुम्ही पुण्यात राहत किंवा काम करत असाल तर पुण्यात दाखल करता येते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. १० ते २० लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये, ५ लाखांपर्यंत शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. सुटे भाग आणि ऑइलची बाटली जपायची ती यासाठीच. मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. डीलरच्या "वरून उत्तर येतंय" मध्ये ती संपू देऊ नका.

एक्स्टेंडेड वॉरंटी शिल्लक असलेली जुनी गाडी घेणार असाल तर टोकन देण्याआधी चेसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधली हिस्ट्री मागा आणि दोन सर्व्हिसमधले महिने मोजा, किलोमीटर नव्हे. १४-१५ महिन्यांची एक पोकळी दिसली तर त्या वर्षाचं बिल जुन्या मालकाकडून व्यवहारापूर्वीच घ्या. ते मिळालं नाही तर किंमत ठरवताना वॉरंटी नाहीच असं धरा. मिळालं, तर वॉरंटी तुमच्या नावावर करण्याचा अर्ज पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत भरा. आरसी बदलली म्हणजे वॉरंटीही बदलली, असं होत नाही.