सोहोत फिरायचं तर खिशात चुंबक हवं

न्यूयॉर्कला आलेली आपली मंडळी सोहोत जातात ती खरेदीला, आणि काचेच्या मागच्या बॅगा बघून परततात. माझा सल्ला: एक छोटंसं, पण ताकदीचं चुंबक खिशात टाका. दगडी वाटणारे तिथले खांब, कमानी, नक्षी बऱ्याच ठिकाणी ओतीव लोखंडाची आहे. रंगाच्या थरांमुळे डोळा फसतो, चुंबक फसत नाही. मात्र हलकेच टेकवा, रंगावर घासू नका.

कॅनाल स्ट्रीटला सबवेतून उतरून ग्रीन स्ट्रीट धरावा. २८-३० आणि ७२-७६ या दोन इमारतींना इथली ‘राणी’ आणि ‘राजा’ म्हणतात. दोन्ही वास्तुविशारद आयझॅक डकवर्थच्या. मला राणी जास्त आवडली, तिच्या उतरत्या छपरामुळे. नक्षीचे भाग कारखान्यात ओतायचे, जागेवर आणून बोल्टने जोडायचे, असा हा मामला. काम झटपट व्हायचं आणि खिडक्या मोठ्या ठेवता यायच्या. मुंबईकरांना हे नवं नाही; काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा असाच इंग्लंडहून सुटा आला होता.

तळमजल्यावर बहुतेक ठिकाणी दुकानांनी नवी तोंडं बसवली आहेत, तेव्हा मान वर करूनच चाला. अधूनमधून खालीही बघा. फुटपाथवर लोखंडी चौकटीत जाड काचेच्या गोट्या बसवलेल्या दिसतील; वीज येण्यापूर्वी तळघरात उजेड उतरायचा तो त्यांतून.

ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची हॉवट इमारत चुकवू नका. १८५७ मध्ये ओटिसची पहिली प्रवासी लिफ्ट इथे बसली. इमारत जेमतेम पाच मजली, पण काचसामान आणि झुंबरं घ्यायला आलेलं गिऱ्हाईक वर चढायला हवं ना!

याच ब्रूम स्ट्रीटच्या पट्ट्यातून शहराचे रस्ते-पूल आखणारा बडा अधिकारी रॉबर्ट मोझेस याला एक्स्प्रेसवे न्यायचा होता. रहिवासी आणि कलाकार हटले नाहीत, १९६९ मध्ये योजना बारगळली आणि १९७३ मध्ये हा भाग संरक्षित ठरला. इमारती वाचल्या, पण ज्या कलाकारांनी रिकाम्या गोदामांत संसार मांडले, त्यांच्यासारख्यांना आज इथलं भाडं परवडणार नाही. दर्शनी भाग जपणं सोपं, त्यामागची माणसं टिकवणं कायद्याच्या आवाक्याबाहेरचं, असं मला तिथे फिरताना वाटत राहिलं. आणि जपणंही किती सोपं? ओतीव लोखंडाच्या इमारतींचा प्रणेता जेम्स बोगार्डस याने बांधलेल्या जवळच्याच एका इमारतीचं लोखंडी तोंड पुन्हा उभारण्यासाठी सुटं करून ठेवलं होतं. १९७४ मध्ये चोरांनी त्यातलं बरंचसं भंगारात विकलं.

रविवारी सकाळी, दुकानं उघडायच्या आत जा. दुपारनंतर फुटपाथवर नुसती रेटारेटी असते. काही रस्ते दगडी चिऱ्यांचे आहेत, टाचेच्या चपला नकोत आणि बाबागाडी ढकलताना हात दुखतील. बऱ्याच इमारतींत आत प्रवेश नाही. अपवाद १०१ स्प्रिंग स्ट्रीटचा: शिल्पकार डोनाल्ड जड यांचं हे घर-स्टुडिओ मार्गदर्शकासोबत बघता येतं, पण आधी नोंदणी करावी लागते.

शाकाहारी असाल तर जेवणासाठी स्प्रिंग स्ट्रीटवरून ६ नंबरची गाडी धरून २८व्या रस्त्याला उतरा. लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर डोसा मिळतो.