तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या घरी नसती का सुटली?

दुकानात काट्यापाशी विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसून विचारतात. परवा तर एका पाहुण्यांनी दहाव्याच्या घाटावर विचारलं. शब्द वेगवेगळे, प्रश्न तोच. "तुम्ही एवढे हिशोबी माणूस. मनावर घेतलं असतं तर घरच्या घरी नसती का सुटली दारू? आधी दवाखाना, मग महिनाभर व्यसनमुक्ती केंद्र, एवढं कशाला लागलं?" आजवर "असू द्या, झालं ते झालं" म्हणून मी विषय बदलत आलो. आता बदलणार नाही. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरात कुणीतरी पितंय, हे त्यांच्या आवाजावरूनच कळतं मला.

तर ऐका. मनावर घेतलं होतं. एकदा नाही, कितीतरी वेळा घेतलं. आणि शेवटच्या वेळी अगदी पक्कं मनावर घेतलं, तेव्हा मरता मरता वाचलो.

लातूरच्या भुसार बाजारात एका आडतीवर मी हिशोब लिहितो. आवक, वजन, शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई. वीस वर्षांत पट्टीत रुपयाची चूक नाही. या अभिमानाचीच मी ढाल केली होती. "कामाला कधी खाडा केला का? कुणाच्या अंगावर गेलो का? रस्त्यात पडलो का?" बायकोला हेच ऐकवायचो. आणि खरंच यातलं काही केलं नव्हतं. आजही माझ्यातला एक जण म्हणतो, बरोबरच होतं की तुझं. गटारीत पडतो तो दारुडा. तू तर रात्री एक क्वार्टर घेऊन गुपचूप झोपणारा.

या "एक क्वार्टर"चा हिशोब मला पुढे डॉक्टरांनी मांडून दाखवला. क्वार्टर म्हणजे 180 मिली, त्यात 42.8 टक्के अल्कोहोल. शुद्ध अल्कोहोल धरलं तर साठ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, तिच्यात साधारण दहा ग्रॅमचा एक पेग धरतात. म्हणजे माझ्या एकच क्वार्टरीत सहा पेग बसले होते. चाचणीतला एक प्रश्नच असा आहे, की एका बैठकीत सहा किंवा जास्त पेग किती वेळा होतात? माझं उत्तर होतं, रोज. दुसरा प्रश्न, सकाळी सावरण्यासाठी घ्यावी लागते का? मी खाली बघितलं. चाळीसपैकी आठ गुण झाले तरी सावध व्हायचं असतं. मला 29 मिळाले.

सकाळची कधी सुरू झाली? मला कळलंच नाही असं मी सांगत फिरायचो. ते खोटं आहे. माझी खासगी वही होती, त्यात "चहापाणी" म्हणून मी दारूचा खर्च लिहायचो. केंद्रात असताना बायकोकडून ती वही मागवून घेतली. आधी रात्री नऊनंतरची नोंद, मग सात, मग सौदा आटोपल्यावर चारची, आणि मग एका वैशाखात सकाळी सव्वानऊची. माझ्याच अक्षरात. लिहिणाऱ्याला माहीत होतं. एवढंच नाही, त्याच वर्षी तीनदा मी दुकानातून हमालीच्या नावावर पैसे उचलले. मालकांना मी नंतर सांगितलं आणि भरून दिले. पट्टीत चूक नव्हती, हे मात्र खरं. चूक दुसऱ्या वहीत होती.

"श्रावण पाळत होता की तुम्ही!" असंही म्हणतात लोक. पाळत होतो. सुरुवातीची वर्षं अख्खा महिना. त्याच्यावरच तर मी उड्या मारायचो, की महिनाभर राहू शकतो त्याला व्यसनी कसं म्हणाल? पण त्या महिन्यात मी काय करत होतो? पोळ्याचे दिवस मोजत होतो. शेवटच्या दोन वर्षांत श्रावणी सोमवार तेवढे उरले, तेही संध्याकाळपर्यंत. माळ घातली होती. आमच्या चुलत्यांची माळेनं सुटली, त्यांना माझा मनापासून नमस्कार. मी मात्र प्यायच्या आधी माळ काढून दुकानातल्या खुंटीला लावायचो आणि सकाळी पुन्हा गळ्यात घालायचो. चार महिने असं केलं. मग ती पंढरपूरला नेऊन ठेवली. याहून मोठं पाप मी केलेलं नाही.

आता त्या येळवशीचं सांगतो. येळवस म्हणजे वेळा अमावस्या, त्या दिवशी आमच्याकडे सगळे शेतात जाऊन पूजा करून जेवतात.

पाच वर्षं झाली. बायको म्हणाली, "यंदा येळवशीला सगळे पाहुणे येणारेत, तेवढे दोन दिवस घेऊ नका." मला एकदम भरून आलं. मी म्हणालो, "दोन दिवस कशाला, कायमची बंद." मंगळवारी रात्री शेवटची घेतली. बुधवारी अंगाला घाम, उलट्या, डोळ्याला डोळा नाही. बायकोनं लिंबूपाणी दिलं, पाय चेपले, दिराला फोन करून सांगितलं, "सोडली बरं का त्यांनी!" तिच्या आवाजातला तो आनंद माझ्या कानात अजून आहे.

गुरुवारी औसा तालुक्यातल्या आमच्या शेतात गेलो. कडब्याची कोप म्हणजे खोपी उभी होती, आत चुना लावलेले पांडवांचे दगड, जेवायला भज्जी, उंडे, बिंदगीत म्हणजे मडक्यात आंबील. भावजयीनं वाटी हातात दिली. हात असा हलत होता की वाटीची कड दातावर टणटण वाजायला लागली. भाऊ म्हणाला, "हिव भरलंय का दादा?" माझी पोरगी बारा वर्षांची होती. ती शेजारी येऊन बसली आणि काही न बोलता माझ्या हाताखाली तिचा हात धरून तिनं वाटी तोलून धरली. तिला थंडीचं कारण पटलेलं नव्हतं, हे मला तेव्हाच दिसलं.

पुढचं मला आठवत नाही. जे आहे ते इतरांनी सांगितलेलं. मी बसल्या जागी ताठ झालो आणि पांडवांवर आडवा पडलो. आंबील सांडली. दातखीळ बसली, जीभ चावली गेली, हातपाय झटकायला लागले. कुणी कांदा फोडून नाकाला लावला. कुणी म्हणालं अंगात आलंय. कुणी म्हणालं, घोटभर पाजा, आत्ता थांबेल. पोरीनं अंगातला स्वेटर काढून माझ्या डोक्याखाली घातला. पिवळा होता. माझ्या तोंडातलं रक्त आणि फेस त्याच्यावर. तो तिनं पुन्हा घातला नाही आणि टाकूही दिला नाही.

पिकअपमध्ये घालून लातूरला आणलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची कधी घेतली होती?" बायकोनं सांगितलं, "परवा रात्री. सोडलीय त्यांनी." डॉक्टर म्हणाले, "रोज पिणाऱ्यानं अशी एकदम सोडायची नसते, ताई." ती तिथेच फरशीवर बसली. तिला वाटलं, आपण म्हणालो म्हणून झालं. ती तसं का समजली, याचं उत्तर मी तिला अजून नीट देऊ शकलेलो नाही.

झालं काय होतं, तर दारू मेंदूला मंद करते. रोज प्यायली की मेंदू तिच्याशी झुंजायला स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. दारू एकदम काढली की तो वेग मोकळा सुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि त्यानंतर दोन-तीन दिवस भ्रम होऊ शकतो. उपचार झाले नाहीत तर माणूस यात जाऊ शकतो. मलाही भ्रम झाला. शनिवारी दवाखान्याच्या चादरीवर मला सोंडे, म्हणजे धान्यातले किडे, चालताना दिसत होते, हजारो. मी ते निवडत होतो आणि ओरडत होतो, बारदाना आणा, पोती फुगलीत. कापडी पट्टीनं माझे हात खाटेला बांधले होते. पोरगी दारात उभी होती. मी तिला ओळखलं नाही. हमालाच्या नावानं हाक मारली.

सलाईनमधून बी-वन जीवनसत्त्व, झोपेची औषधं चढवून मग रोज थोडी थोडी कमी करत आणली. आठव्या दिवशी हात स्थिर झाला. आता सांगा, हे घरी कुणी करणार होतं?

"पण मग दवाखान्यातून सरळ घरी यायचं ना, केंद्र कशाला?" कारण दवाखान्यात अंगातली दारू गेली होती. साडेचार वाजता मन जिथे जायचं ते थांबलं नव्हतं. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं, तेव्हा मी शाळेत होतो. म्हणजे हा आजार आहे, त्याला उपचार आहेत, हे मी पहिला घोट घ्यायच्या आधीपासून महाराष्ट्राला माहीत होतं. आमच्या गल्लीत मात्र समज असा की केंद्रात बांधून मारतात. मी गेलो त्या केंद्रात कुणी हात लावला नाही. गोल बसवून बोलायला लावलं, ते जास्त जड गेलं.

आणि तिथून आल्यावरही मी प्यायलो. सात महिन्यांनी, ऐन सोयाबीनच्या हंगामात. कुणी आग्रह केला नाही, दुःख नव्हतं, एकटाच गेलो. तीन दिवस चाललं. फरक एवढाच, की चौथ्या दिवशी मी शपथ घेतली नाही, डॉक्टरांकडे गेलो. तेव्हापासून चार वर्षं दोन महिने. दर आठवड्याला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला बसतो.

आजार म्हणालो की काहींचा चेहरा उतरतो. त्यांना वाटतं मी अंग काढून घेतोय. हमालीचे पैसे आजारानं उचलले का? नाही, मी उचलले. माळ मीच खुंटीला लावली. मग नुसत्या इच्छेनं सुटायला हवी होती का? तशीही सुटत नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला अजून जुळवता आलेलं नाही, आणि रात्री कधीकधी यावरच जाग येते.

तुमच्या घरात कुणाचे हात सकाळी घेतल्याशिवाय थांबत नसतील, तर त्याला शपथ घालून कोंडून ठेवू नका. जिल्हा रुग्णालयात न्या, मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. 14446 हा सरकारी व्यसनमुक्तीचा फुकट फोन आहे. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिरातीतली "रुग्णाच्या नकळत" द्यायची पुडी चहात घालू नका. माझ्याही चहात घातली गेली होती. त्यात काय होतं, हे कुणाला माहीत नाही.

यंदाही येळवस आलीय. आम्ही शेतात जातो. आंबील आंबवलेली असते, तिच्या त्या वासाची मला अजून भीती वाटते, म्हणून भावजय माझ्यासाठी साधं ताक वेगळं ठेवते. पोरगी आता सतराची आहे. गेल्या वर्षी ताकाची वाटी तिनंच आणली. माझ्या हातात द्यायच्या आधी तिनं ती नाकाशी नेली, हुंगली आणि मग दिली. मी बघितलं, हे तिनंही बघितलं.