तुम्ही विचारलंत म्हणून: सायकलवालीला रुंद रस्ता नको का?

परवा गोरेवाड्याजवळच्या चहाटपरीवर तुम्ही पुन्हा विचारलंत, "ताई, तुम्ही रोज सायकल चालवता, मग हायवेच्या कामावर हरकती काहून घेता? रस्ता रुंद झाला तर तुमचंच भलं ना?" प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रस्ता मला हवाच आहे. नागपूरहून रामटेकला सायकलने जाणारीला खड्डे कशाला आवडतील! पण वाढलेली रुंदी कोणाच्या वाट्याला आली, हे मला चाकाखाली कळतं. डांबराच्या कडेला, पांढऱ्या पट्टीपलीकडे जी जागा असते, तिला शोल्डर म्हणतात. आम्ही तिथूनच चालतो. पूल आला की बऱ्याचदा ती जागाच गायब होते, कठडा थेट पट्टीला येऊन भिडतो आणि मागे ट्रेलर असताना मुख्य लेनमध्ये घुसावं लागतं. मागच्या पावसाळ्यात एका नव्याकोऱ्या रस्त्यावर माझं पुढचं चाक नालीच्या जाळीत रुतलं. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने उभ्या बसवल्या होत्या. आडव्या बसवल्या असत्या तर चाक वरून सहज निघून गेलं असतं. लोखंड तेवढंच, मजुरी तेवढीच. माझा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता.

मी हौसेने चालवते, हेही खरं. पण त्याच कडेने दूधवाले जातात, शाळेच्या मुली जातात. ज्याचं वावर रस्त्यापलीकडे आहे, त्याला दुभाजकातला कट दोन किलोमीटरवर ठेवला तर तो उलट्या दिशेने येणारच. मग 'राँग साइड' म्हणून दोष त्यालाच.

झाडांचंही तसंच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा जुन्या रस्त्याची कडुनिंब-चिंचेची रांग सायकलवाल्याला पाण्याच्या बाटलीइतकी लागते. एके दिवशी तोडायच्या झाडांच्या बुंध्यांवर रंगाने आकडे पडलेले दिसतात. ते दिसले की माझ्या पोटात गोळा येतो, कारण आराखडा तेव्हा बहुतेक पक्का झालेला असतो. शहरी भागात झाड तोडण्याआधी जाहीर नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात, आणि २०२१ पासून ५० वर्षांवरच्या झाडांना कायद्याने 'वारसा वृक्ष' म्हटलंय. एवढा तरी आधार आहे. बाकी २०१३ पासून नियम असा की अस्तित्वातल्या राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण १०० किलोमीटरपेक्षा जास्त लांबीचं आणि ४० मीटरपेक्षा जास्त जादा जागा घेणारं असेल, तरच पर्यावरण मंजुरी लागते. जनसुनावणी त्या मंजुरीचाच भाग, म्हणजे कित्येक कामांत ती होतच नाही. मग आम्ही पत्रं लिहितो. कामाच्या आड यायला नव्हे, नकाशावरची रेघ अजून पुसता येते तोवर आमचं म्हणणं तिथे पोहोचावं म्हणून.

आधी बोललं तर काय होतं, ते बघायला लांब जायला नको. मनसरहून खवासाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरीकरणाला वन्यजीवप्रेमींनी हरकत घेतली, प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, भारतीय वन्यजीव संस्थेने अभ्यास केला. आज महाराष्ट्राच्या हद्दीत रस्त्याखालून प्राण्यांना जायला ९ ठिकाणी वाट आहे, कुठे ५० मीटर रुंद, तर एके ठिकाणी तब्बल ७५० मीटर. वर कडेला आवाज आणि हेडलाइटचा झोत अडवणारे पडदे आहेत. २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर तिथे कॅमेरे लावले, तर १८ जातींचे प्राणी दिसले. ११ वाघ मिळून ८९ वेळा टिपले गेले. ट्रक थांबले नाहीत, रस्ताही झाला. त्या पुलावरून जाताना मी दरवेळी क्षणभर पेडल थांबवते. खालून कोणी जात असेल, या विचाराने अंगावर काटा येतो.

वाघासाठी ७५० मीटर सोडता आले, तर शाळेच्या मुलीसाठी पुलावर दीड मीटर सोडायला काय हरकत आहे?

येत्या रविवारी आम्ही एका पुलाची रुंदी मोजायला निघतोय. पत्रात मोजमाप असलं की साहेबांना 'बघू' म्हणून टाळता येत नाही, हा माझा अनुभव. टेप तीस मीटरचा आहे, तो एकटीला धरता येत नाही. सकाळी सहाला टपरीवर या, दुसरं टोक तुम्ही धरा.